वरदेचं नाव असलेली रेकॉर्ड

माझ्या वडिलांचा दर्यापुरात लाउडस्पीकरचा धंदा होता. दोन भोंगे, एक अ‍ॅम्प्लिफायर आणि पत्र्याच्या पेटीत रेकॉर्डी. लग्नघरी भोंगा निंबाच्या फांदीला बांधायचं काम माझं. पेटीतल्या बहुतेक रेकॉर्डी सिनेमाच्या होत्या. एका रेकॉर्डीला मात्र बाबा कुणाला हात लावू देत नसत. ती शाहीर साबळ्यांची, ‘जय जय महाराष्ट्र माझा’. ती आणायला ते शकुंतला या छोट्या गाडीनं मूर्तिजापूरला आणि तिथून मोठ्या गाडीनं अकोल्याला गेले होते.

त्या वेळी वऱ्हाडात हे गाणं भोंग्यावर लावणं सोपं नव्हतं. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आलो आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. त्याआधी, १९५५ मध्ये, राज्य पुनर्रचना आयोगानं विदर्भाचं वेगळं राज्य करावं असं लिहून दिलं होतं. अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी, यवतमाळचे बापूजी अणे यांच्यासारखी मोठी माणसं त्याच बाजूची. आमच्या गल्लीतही दोन तट होते. एका मांडवात पाहुण्यानं विचारलं, हे मुंबईचं गाणं इथं कशाला? बाबा म्हणाले, “काहून? आपली नदी हाय ना त्याच्यात!”

नदी म्हणजे वरदा, आपली वर्धा. वऱ्हाडची पूर्वेची शीव. मुंबई-पुण्याच्या कवीला नद्या मोजताना ती आठवली असती की नाही, मला शंका आहे. पण गाणं लिहिणारे राजा बढे नागपूरचे, १९१२ चा जन्म. त्यांनी वरच्या नर्मदेचं रेवा हे नाव घेतलं आणि तिच्या शेजारी वरदा बसवली. चाल श्रीनिवास खळ्यांची. त्यांचं बालपण बडोद्याचं, आणि ज्या दिवशी महाराष्ट्र झाला त्याच दिवशी बडोदं गुजरातेत गेलं. साबळे वाईजवळच्या पसरणीचे. या तिघांची गावं नकाशावर जोडली की मला ते गाणं अधिक कळतं.

मी पुढं शिक्षक झालो आणि हे गाणं जिथं जिथं ऐकू आलं तिथं कान देत गेलो. रेकॉर्डीत साबळे एकटे ललकारी देतात आणि मागून कोरस ती उचलतो. एक माणूस हाक मारतो, गाव ओ देतं, अशी त्याची बांधणी आहे. शाळेत ती मोडली. शंभर पोरं एकदमच गायची, त्यामुळं हाक कुणाची आणि ओ कुणाची हे उरलंच नाही. पेटीवर सूर उंच धरला तर पोरांचे आवाज फाटत, म्हणून मी दोन पट्ट्या खाली आणलं. तसं केल्यावर ललकारीतली धार गेली, याचं मला आजही वाईट वाटतं. ध्वजवंदनाला बँडवर वाजलं तेव्हा फक्त चाल राहिली. चाल कणखर आहे, शब्दांवाचून उभी राहते, पण क्लॅरिनेटला वरदा म्हणता येत नाही. नंतर एक कॅसेट मिळाली, दुसऱ्याच गायकांची. त्यात ठेका इतका पळता होता की नद्यांची नावं एकमेकींत मिसळून गेली. ती मी एकदाच ऐकली.

बाबांची रेकॉर्ड १९७० च्या आसपास कडेला चिरली. पिन दर फेऱ्याला टक् करायची. ते टक् कुठकुठल्या शब्दांवर येतं हे मला अजून पाठ आहे, आणि स्वच्छ आवाजात गाणं ऐकलं की त्या जागांवर मी थोडा थांबतो.

१९ फेब्रुवारी २०२३ पासून हे आपलं राज्यगीत झालं. बढ्यांचं मूळ गीत तीन कडव्यांचं, राज्यगीतात दोन घेतली आहेत. वेळ ठरवून दिली आहे, १ मिनिट ४१ सेकंद. माझी नात परिपाठात म्हणते तेच. तिच्याकडून घरी म्हणवून घेतलं आणि मनगटावरच्या घड्याळात पाहिलं, पोरगी दोन-चार सेकंदांच्याच फरकानं बरोबर आली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. गाणं रोज गायलं जातं, हे किती गाण्यांच्या नशिबी येतं? तरी तिला मी तिन्ही कडवी शिकवली, साबळ्यांसारखी: मी हाक देतो, ती ओ देते. शिकवताना तिनं विचारलं, “आबा, वरदा कुठं आहे?”

गेल्या दिवाळीत बडनेऱ्याहून आम्ही दोघं वर्ध्याच्या गाडीत बसलो. धामणगाव गेलं. पुलगावच्या अलीकडं गाडी पुलावर चढली तसं मी तिला खिडकीशी उभं केलं. पाणी बरंच होतं. तिनं गजांतून खाली पाहिलं आणि हाक दिली. डब्यात मी एकट्यानं ओ दिली.