गिरवण्याचे धडे : होल्बाइन, बार्ग आणि व्हॅन गॉग

कलाविचारात 'नक्कल' हा शब्द आपण बहुधा दूषण म्हणूनच वापरतो. शैलीच्या स्वतंत्रपणासाठी ज्याचे नाव हटकून घेतले जाते, त्या व्हिन्सेंट व्हॅन गॉगचा अभ्यासक्रम मात्र या समजुतीला छेद देतो.

1880 साली, वयाच्या 27व्या वर्षी, तो बेल्जियममधील क्वेम या खाणकामगारांच्या गावी राहत होता. धर्मप्रचारकाचे काम सुटले होते आणि चित्रकार होण्याचा निश्चय झाला होता. पूर्वी तो गूपिल या कलाव्यापारी पेढीत नोकरीला होता. त्याच पेढीच्या हेग शाखेचे प्रमुख तेर्स्टेख यांच्याकडून त्याने शार्ल बार्गचा चित्रपाठ मागवला. जेरोम या चित्रकाराच्या सहकार्याने तयार झालेली ही शिलामुद्रिते गूपिलनेच 1866 ते 1871 या काळात प्रसिद्ध केली होती. त्यांचे भाग तीन : शिल्पांच्या प्लास्टर-प्रतिकृती, थोर चित्रकारांची रेखाटने आणि कोळशाने काढायच्या मानवाकृती.

बार्गची रीत शिस्तीची आहे. आधी सरळ रेषांनी बाह्याकृती बांधायची. मग उजेड आणि सावली यांची सीमा आखून सावली एकसलग भरायची. मधल्या छटा सर्वांत शेवटी. असे गिरवताना उमगते की कोणतीही छटा स्वतंत्रपणे गडद वा फिकी नसते. शेजारची छटा तिचे मोल ठरवते.

1881 मध्ये एटन येथे व्हिन्सेंटने याच पाठातून धाकट्या होल्बाइनचे 'याकोब मायरची मुलगी' हे रेखाटन उतरवले. मूळ चित्र रंगीत खडूंचे, सोळाव्या शतकातले. बार्गने ते काळ्या-करड्या छटांत आणले होते. व्हिन्सेंटपुढे होती ती अशी प्रतीची प्रत. तरीही छटांचे परस्परसंबंध तिच्यात शाबूत होते, आणि शिकायचे होते ते तेच.

पुढे 1889-90 मध्ये सँ-रेमीच्या रुग्णालयात त्याने मिलेच्या चित्रांच्या कृष्णधवल प्रतींवरून रंगचित्रे केली. बार्गने रंग छटांत उतरवले होते. व्हिन्सेंट आता छटा रंगांत उतरवत होता. हे काम म्हणजे दुसऱ्या भाषेत केलेले भाषांतर, अशा अर्थाचे त्याने भावाला लिहिले. भाषांतरकाराला मूळ कृतीची वीण धाग्याधाग्याने पारखावी लागते, हे साहित्याच्या अभ्यासकांना निराळे सांगायला नको.

जून 1890 मध्ये, मृत्यूच्या काही आठवडे आधी, त्याने थिओकडे बार्गचे कोळशाचे पाठ पुन्हा मागितले. शैली पूर्ण हाती आलेल्या चित्रकाराला गिरवण्याची गरज तेव्हाही संपली आहे असे वाटले नव्हते.