सरळ रेषा आणि ०.०५

मद्याच्या अंमलाखाली वाहन चालवणाऱ्यास शिक्षा व्हावी, याविषयी आमच्यात दुमत नाही. पण 'प्यालेला' कोणास म्हणावे? मुंबईच्या कायद्याने हा प्रश्न शब्दांकडून आकड्याकडे कसा नेला, ती हकीकत साहित्याच्या अभ्यासकांनीही वाचावी अशी आहे.

२९ मे १९५१. दारूबंदीच्या मुंबईत, कफ परेडवर एका जीपने तिघांना धडक दिली. जीप चालवणारे गृहस्थ होते मुंबई विभागाचे प्रभारी प्रादेशिक परिवहन अधिकारी! सेंट जॉर्जेस रुग्णालयात त्यांना तपासले. श्वासाला मद्याचा वास, डोळे लालसर. परंतु बोलणे सुसंगत, आणि सरळ रेषेवर चालणेही जमलेले. मद्य घेतले आहे, अंमल मात्र दिसत नाही, असे डॉक्टरांचे मत पडले. अधिकाऱ्यांचे म्हणणे, आपण टॉनिक घेतले होते. योगायोग असा की चारच दिवसांपूर्वी, बलसारा खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने अल्कोहोलयुक्त औषधे बंदीतून वगळली होती. मॅजिस्ट्रेटने सोडले, उच्च न्यायालयाने दारूबंदी कायद्याखाली महिन्याची सक्तमजुरी दिली, १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, प्यालेले द्रव्य निषिद्धच होते हे सरकारने सिद्ध करावे, असे सांगून मुक्त केले. पेसिकाका खटला तो हाच. राज्यघटनेच्या अभ्यासकांना तो परिचित आहे. धडक बसलेले तिघे मात्र त्या चर्चेतून केव्हाच नाहीसे झाले.

१९५९च्या दुरुस्तीने सरकारने वाट काढली. रक्तात ०.०५ टक्के वा अधिक अल्कोहोल सापडले, की ते औषधाचे होते हे शाबीत करण्याचा भार आरोपीवर. या आकड्याला गाडीशी कर्तव्यच नव्हते. पायी चालणाऱ्यालाही तो तसाच लागू. आणि आकडा आला म्हणून शब्द संपले असेही नाही. उखा कोल्हे खटल्यात (१९६३) एका मोटारचालकाच्या रक्ताची कुपी मधल्या दिवसांत कोठे व कशी ठेवली होती, याचाच काथ्याकूट झाला.

मोटार वाहन कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने आलेली मर्यादा, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, आम्हांस अधिक न्याय्य वाटते. ती टॉनिक की व्हिस्की हे विचारत नाही, आणि रेषेवर डौलाने चालून दाखवणाऱ्या साहेबालाही सवलत देत नाही. महाराष्ट्रात आजही दोन्ही आकडे शेजारी नांदतात. ४० मिलिग्रॅमचा चालक वाहन कायद्याखाली दोषी ठरतो. दारूबंदी कायद्याचे ते गृहीतक मात्र त्याला लागत नाही.