रंगाविना वेध : अतिसूक्ष्म कणांचे वेगवान प्रकाशीय दर्शन

व्यतिकरणी प्रकीर्णन सूक्ष्मदर्शन, म्हणजेच ‘आयस्कॅट’, ही विषाणू, प्रथिने यांसारख्या अतिसूक्ष्म कणांना कोणतेही रंगद्रव्य न जोडता त्यांची हालचाल टिपणारी प्रकाशीय पद्धत आहे.

प्रचलित पद्धतीत कणाला प्रतिदीप्त रेणू जोडला जातो. असा रेणू ठरावीक मर्यादेपर्यंतच प्रकाश देतो आणि काही वेळाने विझतो. लहान प्रथिनाच्या वर्तनात तो ढवळाढवळही करू शकतो. शिवाय १०० नॅनोमीटर व्यासाचा कण पाण्यात एका मिलिसेकंदात साधारणपणे स्वतःच्या व्यासाइतका सरकतो. मंद कॅमेऱ्यात त्याचा मार्ग उमटत नाही, केवळ पुसट डाग उरतो.

प्रकाश विखुरणे हा मात्र प्रत्येक कणाचा अंगभूत गुण आहे. सीडेन्टॉफ आणि झिगमंडी यांनी १९०३ च्या सुमारास घडवलेल्या अतिसूक्ष्मदर्शकात काचेतील सोन्याचे कण अशाच विखुरलेल्या प्रकाशात दिसले. अडचण अशी, की या प्रकाशाची तीव्रता व्यासाच्या सहाव्या घाताने बदलते. व्यास निम्मा झाला की ती ६४ पटींनी घटते. आयस्कॅटमध्ये हा क्षीण प्रकाश काचपट्टीवरून परावर्तित झालेल्या प्रकाशात मिसळतो. दोहोंच्या व्यतिकरणातून मिळणारा संकेत व्यासाच्या तिसऱ्या घाताने बदलतो, म्हणून तो केवळ ८ पटींनी घटतो. स्थिर पार्श्वभूमी संगणकाने वजा केली की कण बहुधा गडद ठिपक्याच्या रूपात उरतो. त्या ठिपक्याचे केंद्र काही नॅनोमीटरपर्यंत अचूक ठरवता येते.

जर्मनीतील एर्लांगन आणि इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी २०१४ मध्ये रंगद्रव्याविना एकेकटे प्रथिन टिपले. २०१७ मध्ये तैवानच्या अकॅडेमिया सिनिका या संस्थेत याच तत्त्वाच्या भगिनी पद्धतीने जिवंत पेशीवरील विषाणूची हालचाल सेकंदाला १,००,००० चित्रांच्या वेगाने नोंदवली गेली. २०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने ठिपक्याच्या गडदपणावरून प्रथिनाचे वस्तुमान मोजून दाखवले. प्रथिने एकमेकांना कशी चिकटतात, त्यांचे पुंजके कसे वाढतात, हे त्यामुळे थेट अभ्यासता येते. पार्किन्सनसारख्या विकारांच्या संशोधनात हा प्रश्न कळीचा आहे.

या पद्धतीची मर्यादाही तिच्या बलस्थानातूनच उद्भवते. प्रकाश सर्वच कण विखुरतात. त्यामुळे पेशीतील दाटीत नेमका कोणता ठिपका विषाणूचा, हे केवळ विखुरलेल्या प्रकाशावरून ठरवणे कठीण जाते. समान वस्तुमानाची दोन प्रथिनेही सारखीच दिसतात. म्हणूनच ओळख पटवण्यासाठी प्रतिदीप्ती आणि वेगवान मागोव्यासाठी प्रकीर्णन, अशी दोहोंची सांगड अनेक प्रयोगांत घातली जाते.