सालींच्या खतामागचे वाड

केळ्याच्या साली, मोसंबीचा चोथा, डाळिंबाची टरफले बादलीत साठवून त्यांचे कुंडीसाठी खत करणारी घरे आता गावोगावी दिसतात. ओल्यावर सुके घाला, वारा खेळू द्या, अधूनमधून खालीवर करा, हे नियमही तोंडपाठ असतात. त्यांचा माग काढताना मी होळकरांच्या इंदुरात पोहोचलो.

तेथे 1924 साली 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' उभी राहिली. संचालक होते अल्बर्ट हॉवर्ड. शेण गोवऱ्या होऊन चुलीत जाई आणि शेते उपाशी राहत. थोड्या शेणात पुष्कळ काडीकचरा कुजवून खत करता येईल का, हा तिथला प्रश्न होता. त्याचे उत्तर 1931 च्या 'द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ अ‍ॅग्रिकल्चर' या पुस्तकात आहे. खड्डा 30 फूट लांब, 14 फूट रुंद, 2 फूट खोल. त्यात पऱ्हाट्या, पाचट, तण, पाला, शेण, गोठ्यातली मूत्राने भिजलेली माती आणि राख. सोळा दिवसांनी, महिन्याने व दोन महिन्यांनी उलथापालथ. तीन महिन्यांत खत तयार.

या पुस्तकावर लेखक म्हणून दोन नावे आहेत. दुसरे नाव यशवंत डी. वाड यांचे. ते संस्थेत रसायनशास्त्राचे मुख्य सहायक होते. कुजण्याच्या आरंभी कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण साधारण 33 ला 1 असावे, राखेने आंबटपणा मारावा, ही या पद्धतीची रासायनिक बाजू.

हॉवर्ड 1931 मध्ये इंदूर सोडून गेले. काम थांबले नाही. 1934 साली जॅक्सन आणि वाड यांची पुस्तिका निघाली. विषय होता वस्तीतल्या घाणकचऱ्याची विल्हेवाट आणि त्याचा शेतीला उपयोग. शेतातला खड्डा माणसांच्या घरांपर्यंत आला तो असा. त्याच वर्षी हॉवर्ड 'सर' झाले.

फळांच्या साली नुसत्या साठवल्या तर का नासतात, हे या खड्ड्यावरून कळते. त्यांत पाणी आणि साखर भरपूर. ढीग दबतो, हवा कोंडते, आंबूस वास सुटतो. सुका पाला घातला की पोकळी राहते, जादा ओल शोषली जाते. मूठभर माती किंवा जुने खत जिवाणू पुरवते. मग केळ्याच्या सालीतले पालाश मातीत मिसळून झाडाच्या उपयोगी पडते.

हॉवर्ड यांनी पद्धतीला स्वतःचे नाव दिले नाही, इंदूरचे दिले, हा त्यांचा मोठेपणा. पण पुढे सेंद्रिय शेतीचे जनक म्हणून जगाने एकट्या हॉवर्डांना ओळखले. वाड मुखपृष्ठावर होते, स्मरणातून गेले. मराठीत खताबद्दल एवढे लिहिले जाते, त्यात या मराठी नावाला निदान एक ओळ मिळायला हवी.