आर५० की आर६ मार्क २? मिररलेस कॅमेरा घेण्याआधी

ईदनंतर शादीखान्यांच्या तारखा भरू लागल्या की आम्हा शिक्षकांकडे एक प्रश्न हमखास येतो. ‘सर, पोरगा कॅमेरा मागतोय, शादीचं काम करायचं म्हणतो. एक पाऊण लाखाचा आहे, दुसरा त्याच्या तिप्पट. दोन्हींवर चोवीस मेगापिक्सेलच लिहिलंय. मग जास्तीचे पैसे कशाचे?’ विचारणारे कुणी रिक्षा चालवतात, कुणाचं किराणा दुकान असतं, कुणी वाळूजच्या कंपनीत असतं. पैसे बहिणीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेल्यातून निघणार असतात, नाहीतर अम्मीच्या सोन्यातून. त्यामुळे ‘दोन्ही चांगले आहेत’ हे उत्तर चालत नाही.

बोलायला सोपं जावं म्हणून आम्ही एकाच कंपनीचे, एकाच पिढीतले दोन कॅमेरे घेतो. कॅनन ईओएस आर५० हा २०२३ च्या सुरुवातीला आलेला शिकाऊ वर्गातला. कॅनन ईओएस आर६ मार्क २ हा त्याच्या काही महिने आधी, नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर झालेला वरच्या वर्गातला. दोघांत २४.२ मेगापिक्सेल, दोघांत डिजिक एक्स हाच प्रोसेसर, आणि दोघेही डोळा ओळखून त्यावर आपोआप फोकस धरतात. सोनीचा ए६४०० आणि ए७ मार्क ४, किंवा निकॉनचा झेड५० आणि झेड६ मार्क २ यांच्यातही हिशेब साधारण असाच आहे.

मिररलेस म्हणजे आत आरसा नसलेला. जुन्या डीएसएलआरमध्ये आरशावरून आलेलं दृश्य डोळ्याला दिसायचं आणि फोटो कसा आला ते नंतर कळायचं. इथे सेन्सरला जे दिसतं तेच छोट्या पडद्यावर दिसतं. शिकणाऱ्याला हा फार मोठा फायदा. बीबी का मकबरा पांढरा आहे. कॅमेऱ्याचं मीटर पांढऱ्या इमारतीला राखाडी समजून फोटो काळपट करतं. मिररलेसमध्ये हे बटण दाबण्याआधीच दिसतं. एक्स्पोजर अर्धा-एक स्टॉप वाढवला की काम झालं. हे दोन्ही कॅमेऱ्यांत सारखंच आहे.

मेगापिक्सेलचा विषय इथेच संपवून टाकू. चोवीस मेगापिक्सेल म्हणजे साधारण ६००० गुणिले ४००० ठिपके. इंचाला ३०० ठिपक्यांच्या उत्तम छपाईत वीस इंच रुंद फोटो निघतो. लग्नाच्या १२ बाय ३६ च्या अल्बमचं उघडलेलं पान बहुतेक वेळा तीन-चार फोटोंनी भरतं. म्हणजे दोन्ही पुरतात. व्हॉट्सॲपवर पाठवलं की दोन्ही सारखेच दाबले जातात.

फरक प्रकाशात आहे

आर५० चा सेन्सर २२.३ गुणिले १४.९ मिलिमीटरचा, ज्याला आपले फोटोग्राफर ‘क्रॉप’ म्हणतात. आर६ मार्क २ चा साधारण ३६ गुणिले २४, म्हणजे ‘फुल फ्रेम’. क्षेत्रफळ काढलं तर दुसरा सुमारे २.६ पट मोठा. अंगणात पावसाचं पाणी धरायला एकाने पातेलं ठेवलं आणि दुसऱ्याने परात, असं समजा. ऊन असेल तर फरक शोधावा लागतो. पण रोशन गेट, कटकट गेटकडच्या हॉलमध्ये रात्री नऊ वाजता, अर्धे दिवे पिवळे आणि अर्धे निळे असताना, आयएसओ ६४०० च्या वर गेला की आर५० च्या फोटोत शेरवानीच्या काळ्या भागात दाणे दिसू लागतात. आर६ मार्क २ तिथे बराच स्वच्छ राहतो.

पण इथे दुकानदार एक गोष्ट सहसा सांगत नाही. दहावीच्या विज्ञानात भिंगांचा धडा आहे, तो आठवा. कॅमेऱ्यात प्रकाश येतो तो लेन्समधून. आर५० सोबत बॉक्समध्ये १८-४५ ची किट लेन्स मिळते. झूम पूर्ण पुढे नेला की तिचं तोंड एफ/६.३ एवढंच उघडतं. कॅननचीच आरएफ ५० मिमी एफ/१.८ ही प्राइम लेन्स कंपनीच्या सर्वांत स्वस्त लेन्सपैकी आहे. ६.३ ला १.८ ने भागा आणि उत्तराचा वर्ग करा. साधारण १२ येतात. म्हणजे ही छोटी लेन्स किट लेन्सच्या बारा पट प्रकाश आत घेते. महागड्या बॉडीने दिले २.६ पट, स्वस्त लेन्सने दिले १२ पट. ज्याच्याकडे पैसे मोजके आहेत त्याने आधी काय घ्यावं ते या दोन आकड्यांत आहे.

अर्थात त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. एफ/१.८ वर फोकसची खोली फार कमी असते; दुल्हा स्पष्ट आणि शेजारचे बुजुर्ग धूसर. ग्रुप फोटोला एफ/४ किंवा ५.६ वर यावंच लागतं आणि तिथे फ्लॅश लागतो. शिवाय आर५० वर ही ५० ची लेन्स ८० मिमीसारखी दिसते, छोट्या खोलीत पाठ भिंतीला टेकते.

फ्लॅशवरून एक गोष्ट. आर५० च्या डोक्यावर छोटा फ्लॅश आहे, पण वरच्या सॉकेटला जुन्या पद्धतीचे संपर्क नाहीत. चाचांकडून किंवा उस्तादांकडून मिळालेला जुना फ्लॅश त्यावर सरळ चालत नाही. कॅननचा एडी-ई१ नावाचा अडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो. हे पहिल्या बुकिंगच्या दिवशी कळलं तर काय होईल ते सांगायला नको. आर६ मार्क २ वर जुने फ्लॅश थेट बसतात, मात्र त्याला स्वतःचा फ्लॅश नाही.

हात हलतो ते आणि माणूस हलतो ते

आर६ मार्क २ मध्ये सेन्सरच हातासोबत हलून थरथर सावरतो. कंपनीचा दावा योग्य लेन्ससोबत आठ स्टॉपपर्यंतचा आहे. आर५० च्या बॉडीत ही सोय नाही, त्याच्या किट लेन्समध्ये आहे, ती चार स्टॉपची. याचा खरा उपयोग कुठे? अजिंठ्यात. तिथे चित्रांवर फ्लॅश मारायला मनाई आहे, ट्रायपॉडला परवानगी लागते, आणि लेण्यात अंधार. चित्र काही हलत नाही, त्यामुळे शटर अर्धा सेकंद उघडं ठेवूनही आर६ मार्क २ हातात फोटो देऊ शकतो. अजिंठ्याने कॅमेऱ्यांची परीक्षा फार पूर्वीपासून घेतली आहे. हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे संचालक गुलाम यझदानी यांचे अजिंठ्यावरचे चार खंड १९३० ते १९५५ या काळात निघाले, आणि त्यातली रंगीत चित्रं छायाचित्रणावरूनच तयार केलेली होती. आपल्या जिल्ह्यातल्या मुलांनी ते खंड एकदा तरी पाहावेत असं आम्हाला वाटतं.

लग्नात मात्र माणसं हलतात. हार घालणारा हात धूसर झाला तर कोणतंही स्टॅबिलायझेशन तो थांबवू शकत नाही. तिथे शटरचा वेगच लागतो, म्हणजे पुन्हा प्रकाश. ‘यात स्टॅबिलायझेशन आहे, अंधारात फोटो हलणार नाहीत’ हे वाक्य दुकानात ऐकलं तर अर्धंच खरं समजा.

मशिदीत निकाह असेल तर आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर वापरावंसं वाटतं, आणि अदबीच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. दोन्ही कॅमेऱ्यांत ते आहे. पण एलईडीच्या दिव्यांखाली या शटरने फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवलं की पट्टे बहुतेक जातात. आधी दोन-चार फोटो काढून, मोठे करून पाहावेत.

ईजाब-कबूल दुसऱ्यांदा होत नाही

आमच्या मते जास्तीच्या पैशांचं सर्वांत मोठं कारण चित्राच्या दर्जात नाही. आर६ मार्क २ मध्ये मेमरी कार्डाच्या दोन जागा आहेत. प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन्ही कार्डांवर लिहिता येतो. आर५० मध्ये एकच जागा. कार्ड कधी ना कधी दगा देतंच, आणि काझी साहेबांना ‘पुन्हा एकदा’ म्हणता येत नाही. रुखसतीच्या वेळचे अब्बांचे डोळेही परत तसे भरत नाहीत. पैसे घेऊन काम करणाऱ्यासाठी दुसरं कार्ड ही चैन नव्हे.

आर५० वरच काम सुरू करायचं असेल तर एक मोठं कार्ड घेण्यापेक्षा मध्यम आकाराची तीन-चार घ्यावीत. निकाह झाला की कार्ड बदलावं, वलीम्याला वेगळं. घरी पोहोचताच दोन ठिकाणी कॉपी, आणि तोवर कार्ड फॉरमॅट करायचं नाही.

बॅटरीतही फरक आहे: आर५० ची १०४० एमएएच, दुसऱ्याची २१३० एमएएच. छोट्या कॅमेऱ्यासोबत दोन जास्तीच्या बॅटऱ्या धराव्याच लागतात. धूळ आणि थेंबांपासूनचं संरक्षण फक्त मोठ्यात आहे. पावसाळ्यात वेरूळला जाणाऱ्याने लक्षात ठेवावं. व्हिडिओ शूटिंग मुख्य काम असेल तर मोठा कॅमेरा ४के मध्ये सेकंदाला ६० फ्रेम देतो, छोटा ३०. माइक दोघांना लावता येतो, पण आवाज नीट येतोय का हे ऐकायला हेडफोनची जागा मोठ्यालाच आहे.

वजनात छोटा जिंकतो. किट लेन्ससह आर५० साधारण पाचशे ग्रॅम. आर६ मार्क २ वर २४-१०५ एफ/४ लेन्स लावली की एक किलो तीनशे सत्तर. सहा तास गळ्यात घालून पाहा. जनान्यात फोटो काढायला लेडी फोटोग्राफरच हवी असं सांगणारी घरं आपल्याकडे आहेत, आणि तिथे मुलींना काम आहे. शिकायला निघालेल्या मुलीला हलका कॅमेरा जास्त उपयोगी पडतो असं आमचं मत.

जनान्यातले फोटो ही अमानत असते. नुसते डिलीट केलेले फोटो साध्या सॉफ्टवेअरने परत काढता येतात, म्हणून असं कार्ड कुणाला उसनं देऊ नये. मालकाच्या परवानगीशिवाय एकही फोटो इन्स्टाग्रामवर जाऊ नये. वायफायने फोनवर फोटो पाठवल्यास ते गॅलरीतून क्लाउडवर आपोआप चढत नाहीत ना, तेही बघावं.

मग घ्यायचा कोणता

घरचे कार्यक्रम, कॉलेजचा अभ्यास, यूट्यूब, किंवा कुणाच्या हाताखाली शिकणं: आर५०, सोबत ५० एफ/१.८. महिन्याला ठरलेली बुकिंग आहेत आणि लोक नावाने बोलावतात: आर६ मार्क २. यांच्या मधल्या माणसाने मोठी बॉडी दिवसाच्या भाड्याने घेऊन दोन-तीन कामं करून पाहावीत. अनेक घरांत व्याजाचा हप्ता नको असतो. त्यांना हा रस्ता सोयीचा.

पुढे मोठ्या कॅमेऱ्यावर जायचंच असेल तर लेन्स विचारपूर्वक घ्या. ‘आरएफ’ लेन्स दोन्हींवर पूर्ण चालतात. ‘आरएफ-एस’ लेन्स छोट्या सेन्सरसाठी आहेत. त्या आर६ मार्क २ वर लावल्या की चोवीसचे नऊ-साडेनऊ मेगापिक्सेल उरतात.

बिल जीएसटीचंच घ्यावं आणि त्यावर सिरीयल नंबर लिहून घ्यावा. ‘बिलाशिवाय आठ हजार कमी’ म्हणणाऱ्याकडे बहुधा भारतातली वॉरंटी नसते. जुना कॅमेरा घेत असाल तर बिलावरचा आणि बॉडीवरचा नंबर जुळवा, लेन्स लावून एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि मोठा करून बघा. सेन्सरवर धूळ असेल तर काळे ठिपके दिसतील. मग लेन्स किंचित हलवून पाहा, माउंटमध्ये खेळ असेल तर तो कॅमेरा परत द्या.