पावसातील घोडा आणि त्याची झूल

‘झूल’ हा शब्द उच्चारताच मराठी मनासमोर पोळ्याच्या दिवशी मिरवणारा बैल, दसऱ्याच्या मिरवणुकीतील हत्ती किंवा नवरदेवाचा घोडा उभा राहतो. झूल म्हणजे शोभा, झूल म्हणजे वैभवाचे प्रदर्शन. उसन्या मोठेपणालाही आपल्या भाषेत झुलीचीच उपमा दिली जाते. परंतु झुलीचे आणखी एक घराणे आहे. त्या झुलीला जर नाही, गोंडे नाहीत, रंगाचा डौल नाही. मोकळ्या माळावर, पावसात आणि वाऱ्यात उभ्या असलेल्या घोड्याच्या पाठीवर ती असते आणि तिचे काम एवढेच की, घोडा कोरडा राहावा. काम इतके साधे असूनही ते नीट साधायला माणसाला जवळजवळ दीडशे वर्षे लागली आणि त्या शिकवणीची किंमत पुष्कळशी घोड्यांनीच मोजली.

घोड्याला मुळात झुलीची गरज काय, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे. निसर्गाने त्याला उघडे सोडलेले नाही. थंडीच्या आरंभी त्याच्या अंगावर दाट केस येतात. गारठा वाढला की ते केस ताठ उभे राहतात आणि त्यांच्यामध्ये हवेचा एक थर कोंडला जातो. हा थर हीच त्याची खरी रजई. त्वचेतून पाझरणाऱ्या तेलामुळे वरवरचे पाणी केसांवरून ओघळून जाते. शिवाय त्याच्या पोटात एक शेगडी अखंड धुमसत असते. गवत-कडबा आतड्याच्या मागील भागात कुजवून पचवला जात असताना मोठी उष्णता निर्माण होते. शीत प्रदेशात रुळलेला, पोटभर वैरण मिळणारा प्रौढ घोडा अंग कोरडे असेल तर शून्याखाली सुमारे १५ अंश सेल्सिअसपर्यंतची थंडी फारशी तोशीस न लागता सोसतो. पण ‘अंग कोरडे असेल तर’ ही अट फार मोठी आहे. केस मुळापर्यंत भिजले की ते अंगाला चिकटतात, कोंडलेली हवा निघून जाते आणि वरून वारा सुटला तर शरीराची ऊब झपाट्याने ओसरते. घोड्याचा खरा वैरी नुसती थंडी नव्हे, तर थंडी, पाऊस आणि वारा यांची युती होय.

दख्खनमध्ये या युतीला उत्तर झुलीने दिले जात नसे, ते पंचांगाने दिले जाई. दसऱ्याला सीमोल्लंघन करावे आणि पावसाळ्यात छावणी धरावी, हा मराठी फौजांचा शिरस्ता होता. त्यामागे नद्यांचे पूर आणि वाटांचा चिखल जसा होता, तशीच घोड्यांची काळजीही होती. चिपळूणच्या आसपास छावणीस राहिलेल्या आपल्या लष्कराला शिवाजी महाराजांनी सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात लिहिलेले पत्र इतिहासाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. दाणा आणि वैरण बेतशीर वापरली नाही तर भर पावसात ती संपेल, घोडी मरू लागतील आणि मग शिपाई रयतेला उपद्रव देऊ लागतील, असा इशारा त्यात आहे. गवताच्या गंजींना आग लागू नये म्हणून दिव्याची वात उंदराने ओढून नेण्याचीही धास्ती त्यात व्यक्त झाली आहे. पावसाळ्यातील घोड्याची पहिली झूल म्हणजे त्याच्या पोटातील वैरण, हे ज्ञान त्या पत्राच्या ओळीओळींत भरलेले आहे.

हेच ज्ञान विसरल्यास काय होते, हे पावणेदोनशे वर्षांनी क्रिमियाच्या युद्धात दिसून आले. २५ ऑक्टोबर १८५४ रोजी बालाक्लाव्हाच्या लढाईत इंग्रजांच्या हलक्या घोडदळाने तोफांवर घातलेली झेप जगप्रसिद्ध झाली. त्या झेपेतून वाचलेल्या घोड्यांचे पुढे काय झाले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. १४ नोव्हेंबरला भयंकर वादळ झाले. हिवाळी कपड्यांनी भरलेले ‘प्रिन्स’ नावाचे जहाज बुडाले आणि घोड्यांसाठी आणलेले गवतही नष्ट झाले. बंदरापासून पठारावरील तळापर्यंतची वाट चिखलाने बंद झाल्यासारखीच होती. आडोसा नसलेल्या त्या पठारावर घोडी चिखलात उभी राहिली आणि भुकेने एकमेकांची आयाळ व शेपटी खाऊ लागली. मॅकनील आणि टुलक या दोन आयुक्तांनी १८५५ साली क्रिमियात जाऊन केलेल्या चौकशीत घोड्यांना निवारा देण्यात झालेल्या दिरंगाईवर ठपका ठेवला. निवारे उभे राहिले, तोवर कित्येक घोडी गेली होती. ‘वरातीमागून घोडे’ ही म्हण इतक्या क्रूरपणे क्वचितच खरी ठरली असेल.

विशेष म्हणजे तोपर्यंत जलरोधक कापडाचा शोध लागून तीस वर्षे उलटली होती. ग्लासगो येथील चार्ल्स मॅकिंटॉश याने १८२३ साली त्याचे पेटंट घेतले होते. दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या नॅप्थ्यात रबर विरघळवायचे आणि तो लेप दोन कापडांच्या मध्ये घालून ती एकत्र दाबायची, अशी त्याची युक्ती होती. पाणी अडले, परंतु थंडीत ते कापड ताठर होई, उन्हाळ्यात चिकट होई आणि शिवणीच्या सुईने पाडलेल्या छिद्रांतून पाणी आत येई. अमेरिकेत चार्ल्स गुडइयर आणि इंग्लंडमध्ये टॉमस हॅन्कॉक यांनी गंधक व उष्णता यांच्या साह्याने रबर पक्के करण्याची रीत शोधली आणि १८४० नंतरच्या दशकात ताठरपणाचा व चिकटपणाचा दोष पुष्कळसा दूर झाला. एक दोष मात्र राहिलाच. जे कापड बाहेरचे पाणी आत येऊ देत नाही, ते आतला घामही बाहेर जाऊ देत नाही.

माणसाला हा दोष एक वेळ सोसवतो, कारण तो कोट काढून खुंटीवर ठेवू शकतो. घोड्याला तो मुभा नाही. शिवाय घोडा हा माणसाप्रमाणेच सर्वांगाने भरपूर घाम गाळणारा प्राणी आहे. रबरी झुलीखाली तो घामाने भिजला म्हणजे पावसात भिजण्याचाच परिणाम आतून घडतो. ओलाव्यात कोंडलेल्या त्वचेवर डर्माटोफिलस नावाचा जंतू फोफावतो, खपल्या धरतात आणि केस झुबक्यांनी गळतात. पाऊस अडवण्यासाठी घातलेली झूल अशा वेळी पावसाचेच काम करते.

ओलावा आणि थंडी यांतील हा भेद दक्षिण ध्रुवाच्या वाटेवर फार कठोरपणे प्रत्ययास आला. कॅप्टन स्कॉट यांच्या १९१० सालच्या मोहिमेत मांचुरियातून खरेदी केलेले १९ तट्टू होते. त्यांची जबाबदारी लॉरेन्स ओट्स या घोडदळातील अधिकाऱ्यावर होती आणि तो या मोहिमेसाठी मध्य भारतातील महूच्या छावणीतून गेला होता. वादळी हिमकणांचा बारीक चुरा तट्टांच्या केसांत शिरे, अंगाच्या उबेने वितळे आणि ऊब हिरावून नेई. म्हणून पुढील मुक्कामांवर प्रत्येक तट्टाच्या बाजूला बर्फाची भिंत रचली जाऊ लागली. वाऱ्याविरुद्ध ही भिंत आणि अंगावर झूल, असा दुहेरी बंदोबस्त होता. परंतु डिसेंबर १९११ च्या पहिल्या आठवड्यात आलेले वादळ निराळे होते. तपमान गोठणबिंदूच्या आसपास चढले आणि बर्फ कोरड्या चुऱ्याऐवजी ओल्या पुंजक्यांनी कोसळू लागला. तंबू, कपडे आणि झुली सारे भिजून चिंब झाले. चार दिवस उरलेली पाच तट्टे त्या ओलाव्यात उभी होती आणि दाणाही संपत आला होता. ९ डिसेंबर रोजी, खोल रुतणाऱ्या बर्फातून अखेरची मजल मारल्यावर, ती पाचही गोळी घालून मारावी लागली. प्रवासाच्या एका टप्प्यानंतर तट्टांना मारण्याचे आधीच ठरलेले होते, हे खरे. परंतु त्यांची उरलीसुरली शक्ती त्या ओल्या चार दिवसांनी संपवली.

त्या मोहिमेच्या दुसऱ्या वर्षासाठी हिंदुस्थान सरकारने सात खेचरे पाठवली. लाल खान, गुलाब, बेगम, राणी, प्यारी, अब्दुल्ला आणि खानसाहेब ही त्यांची नावे. स्कॉट व त्यांच्या साथीदारांच्या शोधासाठी ऑक्टोबर १९१२ च्या अखेरीस निघालेल्या पथकाबरोबर ही हिंदी खेचरे होती. १२ नोव्हेंबर रोजी स्कॉट यांचा अखेरचा तंबू सापडला. ओट्सचा देह मात्र कधीच मिळाला नाही.

मोकळ्यावर राहणाऱ्या घोड्यासाठी खास बेतलेली झूल पुढे आली, ती मात्र मोहिमांतून किंवा रणांगणांतून नव्हे, तर शेतकऱ्यांच्या कुरणांतून. ‘न्यूझीलंड रग’ या नावाने ती इंग्लंडमध्ये रूढ झाली. त्या बेटांवर जनावरे बारमाही कुरणात असतात. वारा भरपूर आणि पाऊसही भरपूर. ही झूल जाड, घट्ट विणीच्या कॅनव्हासची असे. भिजल्यावर धागे फुगत, वीण अधिकच आवळली जाई आणि पाणी अडे. आतून लोकरीचे अस्तर असे. परंतु तिचे खरे वैशिष्ट्य कापडात नव्हते, बांधणीत होते. तबेल्यात उभ्या घोड्याची झूल पोटाभोवतीच्या पट्ट्याने आवळलेली चालते. कुरणातील घोडा मात्र लोळतो, उधळतो, कुंपणाला अंग घासतो. त्याच्या झुलीला मागील मांड्यांभोवतून जाणारे, एकमेकांत अडकवलेले पट्टे लावण्यात आले. त्यामुळे झूल सरकली तरी घोड्याच्या चालण्यानेच पुन्हा जागेवर येऊ लागली. ती जड होती. भिजल्यावर तर फारच जड होई. पण घोडा हालतो, ही गोष्ट तिच्या कर्त्यांनी गृहीत धरली होती.

कापडाचा पेच सुटायला विसाव्या शतकातील रसायनशास्त्राची वाट पाहावी लागली. १९३५ साली अमेरिकेत नायलॉन निर्माण झाले, १९४१ साली इंग्लंडमध्ये पॉलिएस्टरचा धागा. १९६९ साली अमेरिकेत रॉबर्ट गोर याने टेफ्लॉन झटक्याने ताणून एक पातळ पापुद्रा मिळवला. त्याची रंध्रे पाण्याच्या थेंबाहून फार लहान, परंतु वाफेच्या कणाहून मोठी होती. पाऊस बाहेर राहावा आणि घामाची वाफ निघून जावी, हे प्रथमच नीट जमले. या तत्त्वावरची निरनिराळी अस्तरे आणि लेप आता घोड्यांच्या झुलींतही वापरले जातात.

आज अशी झूल विकत घेणाऱ्यासमोर आकड्यांची रास असते. त्यांचे अर्थ जाणले की पुष्कळ गोंधळ टळतो. ‘डेनियर’ म्हणजे ९,००० मीटर लांबीच्या धाग्याचे ग्रॅममधील वजन. ६०० डेनियरच्या धाग्याहून १,२०० डेनियरचा धागा दुप्पट वजनाचा आणि सर्वसाधारणपणे काटेरी तार किंवा सोबतीच्या घोड्याचे दात अधिक सोसणारा. परंतु हा आकडा टिकाऊपणाचा आहे, जलरोधाचा नव्हे. जलरोध मोजतात तो पाण्याच्या स्तंभाने. ३,००० मिलिमीटर म्हणजे कापडाने ३ मीटर उंचीच्या पाण्याचा दाब पेलला. तिसरा आकडा भरणाचा. दर चौरस मीटरला किती ग्रॅम कापसासारखे भरण आत घातले आहे, हे त्यावरून कळते. पाऊस अडवायचा असेल आणि थंडी नसेल, तर भरण शून्य असलेली झूलच योग्य. पाठीच्या कण्यावर शिवण नसावी, कारण सर्वांत जास्त पाणी तेथेच पडते.

याहून महत्त्वाचे माप घोड्याचे. छातीच्या मध्यापासून कुशीवरून पुठ्ठ्याच्या मागील कडेपर्यंत फीत आडवी धरली की झुलीची लांबी मिळते. झूल लहान पडली तर खांद्यांवर काचते आणि केस झिजून कातडे उघडे पडते. मोठी झाली तर मागे ओघळते आणि मानेच्या बुडाशी, दोन खांद्यांमधील उंचवट्यावर तिचा सारा भार येतो. खोगिराने पडलेल्या जखमेइतकीच ही जखम चिवट असते. छातीपाशी आणि उंचवट्यावर हात सहज सरकला पाहिजे. पोटाखालचा पट्टा पोटापासून तळहाताच्या रुंदीइतका सैल असावा. त्याहून आवळ असेल तर काचेल, त्याहून ढिला असेल तर लोळताना त्यात पाय अडकेल.

घोड्यांच्या वैद्याला मराठीत सलोत्री म्हणतात. अश्वविद्येचा आचार्य मानल्या गेलेल्या शालिहोत्राच्या नावाचे ते बोलीतील रूप आहे. त्याच्या परंपरेत घोड्याकडे रोज पाहणे हा उपचाराचा आरंभ मानला जाई आणि नव्या झुलीलाही तोच नियम लागू आहे. कोकणातील वा मावळातील पावसाळा ओला असला तरी बहुधा उबदार असतो. तेथे जाड झूल घोड्याला घामाने उबवील. त्याला उंच, कोरडी जागा, छप्पर आणि वैरण यांची गरज अधिक. उलट काश्मीर-कुमाऊँच्या थंड पावसात केस कातरलेला, वृद्ध किंवा अशक्त घोडा झुलीवाचून हाल सोसतो. कोणती झूल केव्हा हवी, हे कोणत्याही चिठ्ठीवर छापलेले नसते. दिवसातून एकदा ती उतरवून, खालचे अंग कोरडे आहे की दमट, ऊबदार आहे की तापलेले, कोठे केस झिजले आहेत काय, हे हाताने चाचपून पाहावे लागते.

क्रिमियात घोडी मेली, ती कापडाचा शोध लागला नव्हता म्हणून नव्हे. त्यांच्याकडे वेळेवर कोणी पाहिले नाही म्हणून. शिवकालीन छावणीत रबर नव्हते, नायलॉन नव्हते. पण पावसाआधी वैरणीची मोजदाद करणारी नजर होती. आज कापड उत्तम मिळते. नजर मात्र आजही ज्याची त्यानेच आणावी लागते. कारण झूल भिजली आहे किंवा काचते आहे, हे घोडा सांगू शकत नाही.