गुलदार : युद्धनौकेचा कृत्रिम खडक

सपाट, वाळूच्या समुद्रतळावर टणक आधार मिळाला की तिथे जीव वस्तीला येतात, हे मच्छीमारांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. जपानमध्ये यासाठी मुद्दाम दगड बुडवले जात. विसाव्या शतकात अमेरिकेने याच हेतूने टाकाऊ वस्तू वापरल्या, तेव्हा चुकाही झाल्या. १९७० च्या दशकात फ्लोरिडाजवळ सुमारे २० लाख टायर बुडवले गेले. त्यांची बांधणी सुटली आणि लाटांनी वाहणारे टायर जिवंत प्रवाळावर आदळू लागले. जड, जागच्या जागी राहणाऱ्या वस्तूचे महत्त्व त्यातून पटले. निवृत्त युद्धनौका या कामी योग्य ठरल्या. ऑस्ट्रेलियाची ‘स्वान’ १९९७ मध्ये, तर अमेरिकेची विमानवाहू ‘ओरिस्कनी’ २००६ मध्ये बुडवण्यात आली.

महाराष्ट्रात हा मान ‘गुलदार’ या नौकेकडे आला. पोलंडमधील ग्दिनिया येथे बांधलेली ही नौका १९८५ मध्ये भारतीय नौदलात दाखल झाली. थेट किनाऱ्याला टेकून रणगाडे आणि सैनिक उतरवणे हे तिचे काम. १२ जानेवारी २०२४ रोजी पोर्ट ब्लेअर येथे ती निवृत्त झाली. पुढे ती महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे आली आणि सिंधुदुर्गातील निवती रॉकजवळ तिचे पाण्याखालचे संग्रहालय व कृत्रिम खडक करण्याचे ठरले. केंद्राने या प्रकल्पासाठी ४६.९१ कोटी रुपये मंजूर केले. मालवणचे सागरी अभयारण्य (१९८७) आणि तारकर्लीचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र यांमुळे या किनाऱ्याला स्कूबा पर्यटनाची ओळख होतीच.

अशी नौका बुडवण्यापूर्वी तेल, इंधन, विषारी रंग आणि सुट्या तारा काढून टाकाव्या लागतात. भिंतींना मोठी भोके पाडून पाण्याला आणि पाणबुड्यांना वाट करून द्यावी लागते. बुडाल्यावर पोलादावर आधी शेवाळ धरते, मग शिंपले आणि स्पंज चिकटतात. लहान मासे आडोशाला येतात, त्यांच्यामागे हेकरू, तांबोशी यांसारखे मोठे मासे.

अशी नौका पाहायला पाण्याखाली वीस मीटर उतरणे म्हणजे वऱ्हाडातल्या पासष्ट फुटी विहिरीइतकी खोली गाठणे; तिथे दाब पृष्ठभागाच्या तिप्पट असतो. म्हणून प्रशिक्षित सोबती, हळूहळू वर येणे आणि योग्य प्रशिक्षणाशिवाय बंदिस्त खोल्यांत न शिरणे हे नियम जिवाचे मोल जाणून पाळले जातात.